काढून टाकलेला उंबरा : कंपवात आणि तोल, एका घरातलं प्रकरण

काकू पहिल्यांदा आल्या तेव्हा दवाखान्याच्या तीन पायऱ्या कठड्याला हात न लावता चढून आल्या. आणि मग दारात, सपाट फरशीवर, गोठल्यासारख्या उभ्या राहिल्या. टाचा उचललेल्या, गुडघे थरथरत, अंग पुढं झुकलेलं. काका हात धरून ओढायला लागले. ते जितकं ओढत तितकं वरचं अंग पुढं येई आणि पाय तिथंच. "पाय फरशीला चिकटत्यात बघा," काकू म्हणाल्या. मागं उभा असलेला मुलगा हळूच मला म्हणाला, "मॅडम, जिना चढती, मग सपाटावर काय होतंय? कधीकधी वाटतं मुद्दामच करती."

व्यायामोपचाराच्या या कामात हा संशय मी किती घरांत ऐकलाय याची मोजदाद नाही. म्हणून हे प्रकरण जरा सविस्तर लिहिते. घरच्यांची परवानगी आहे. ओळख पटू नये म्हणून किरकोळ गोष्टी बदलल्या आहेत.

काकू ६८ वर्षांच्या. सांगलीत गावभागात जुनं घर, मुलाची मार्केट यार्डात हळदीची अडत, काका निवृत्त. कंपवाताचं, म्हणजे पार्किन्सन्सचं निदान २०१७ सालचं. सुरुवात उजव्या हातापासून झाली. आधी पोळी लाटताना लाटणं एका बाजूला जायला लागलं, मग वाणसामानाच्या यादीतलं अक्षर बारीक बारीक होत गेलं, थरथर त्यानंतर. लेवोडोपा-कार्बिडोपाची गोळी दिवसातून चार वेळा चालू होती. गोळीनं हात सुटला, चेहरा बोलका झाला, तोल मात्र सुधारला नाही. गोळी कमी पडतेय असं घरच्यांना वाटत होतं, पण या आजारात हे नेहमीचंच आहे. ताठरपणा आणि मंदपणा गोळीचं जितकं ऐकतात तितकं तोल ऐकत नाही. होन आणि यार या दोघांनी १९६७ मध्ये आजाराच्या पाच पायऱ्या मांडल्या, त्यातली तिसरी सुरू होते तीच मुळी तोल जायला लागल्यावर. काकू त्या तिसरीवर होत्या.

माझ्याकडं येण्याआधी एका ठिकाणी त्यांचे व्यायाम झाले होते. गुडघ्यांना शेक, पायाला वजन बांधून उचलणं, एक छापील कागद. कागद वाईट नव्हता. मांड्यांत ताकद लागतेच. पण काकू कुठं पडतात याचा त्यात एक शब्द नव्हता. आणि खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी मीही ते विचारलं नाही. मी विचारलं, "किती वेळा पडलात?" काका म्हणाले, "असतील चार-पाच वेळा." मी लिहून घेतलं, चार-पाच, आणि पुढं गेले. या चुकीकडं नंतर येते.

तपासणीतले आकडे थोडक्यात सांगते. तपासणी गोळी घेतल्यावर तासाभरानं केली, कारण गोळीचा अंमल असताना आणि उतरल्यावर तेच माणूस दोन वेगळी माणसं असतात. खुर्चीतून उठून ३ मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं, या चाचणीला काकूंना १९ सेकंद लागले. हीच चाचणी शंभरातून तीन-तीन वजा करत केली तेव्हा २७. तोलाच्या मिनी-बेस्ट चाचणीत २८ पैकी १३ गुण. जागेवर मागं वळायला ११ पावलं. शेवटी मी मागं उभी राहून खांदे झटक्यानं मागं ओढले. निरोगी माणूस एका-दोन पावलांत सावरतो. काकू पाच पावलं मागं आल्या आणि सहाव्याला माझ्या अंगावर. ही चाचणी मागं भिंत आणि शेजारी एक मदतनीस असल्याशिवाय करू नये, आणि घरी तर अजिबातच नाही.

जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या आजारावर पहिला निबंध लिहिला तो फक्त सहा रुग्णांवर, आणि त्यातले काही त्यांनी लंडनच्या रस्त्यात नुसते चालताना पाहिलेले होते. अंग पुढं झुकतं आणि चालता चालता पळ सुटतो, हे त्यांनी तेव्हाच नोंदवून ठेवलं. माणूस जिथं चालतो तिथं त्याला बघावं, हा धडा त्यात होता. दोनशे वर्षांनी सांगलीत मी काय केलं, तर दवाखान्याच्या फरशीवर रंगीत चिकटपट्ट्या मारल्या.

पट्ट्यांचं शास्त्र खरं आहे, ते आधी सांगते. चालणं, वळणं, धक्का बसला तर पाऊल टाकून सावरणं ही कामं आपण विचार करून करत नाही. भाकरी थापणाऱ्या बाईला हात कसा फिरतो ते विचारा, तिला सांगता येणार नाही. सांगायला गेली तर भाकरी मोडेल. मेंदूच्या तळाशी बेसल गँग्लिया नावाचा भाग आहे, तो या अंगवळणी पडलेल्या हालचाली चालवतो, आणि त्याला डोपामिन नावाचं रसायन लागतं. लेवोडोपाच्या गोळीचं मेंदूत हेच डोपामिन होतं. डोपामिन आटलं की पाऊल आपोआप निघत नाही, निघालं तर तोकडं निघतं. पण पायापुढं एक रेघ असली तर मेंदू दुसऱ्या वाटेनं जातो. डोळ्यांनी रेघ पाहिली, ती ओलांडायची ठरवली, आणि पाय उचलला. काकूंना पायऱ्या चढता येत होत्या त्या यामुळं. प्रत्येक पायरीची कड म्हणजे एक रेघ. सपाट फरशीवर रेघ नाही, म्हणून पाय नाही. हे मुलाला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प बसला. नंतर म्हणाला, "मी तिला बोललोय हो यावरनं."

तर दवाखान्यात पट्ट्यांवरून आठवड्यातून तीन दिवस सराव सुरू झाला. दोन आठवड्यांत १९ सेकंदांचे १५ झाले. मी खूश. आणि त्याच दिवशी सून घरातलं कॅलेंडर गुंडाळून घेऊन आली.

सुनेचं कॅलेंडर

त्या कॅलेंडरवर दूध, गॅसची टाकी, धुण्याच्या बाईच्या सुट्ट्या आणि लाल पेनानं काढलेली गोल चिन्हं होती. २०२३ च्या मार्च, एप्रिल, मे या तीन महिन्यांत पाच गोल. माझ्या पट्ट्यांच्या दोन आठवड्यांत आणखी दोन. "ताई, तुमच्याकडं छान चालत्यात, पण घरी आलं की तसंच," ती म्हणाली. मग आम्ही दोघी त्या गोलांवर बसलो. प्रत्येक गोलाचं तिला सगळं पाठ होतं: वेळ, जागा, हातात काय होतं, कुठल्या अंगावर पडल्या.

पहिलं पडणं पहाटे साडेपाचचं. पलंगावरून उठल्या, दोन पावलं टाकली, डोळ्यांपुढं अंधारी. दुसरं, लोखंडी कपाटाचं दार ओढताना; दार हलक्यानं उघडलं आणि त्याच झटक्यात काकू सरळ मागं. तिसरं, माजघरातून स्वयंपाकघरात जाताना दारात पाय अडले आणि अंग पुढं गेलं; यात डावं मनगट मोडलं. चौथं, ओट्यावरचं आमटीचं पातेलं उचलून मागं वळताना. पाचवं पुन्हा पहाटेचं. नंतरची दोन्ही त्याच दारातली.

म्हणजे घरचे ज्याला "तोल जातो" म्हणत होते त्यात निदान तीन वेगळी दुखणी होती, आणि माझ्या पट्ट्या फक्त एकावर चालणाऱ्या होत्या, त्याही माझ्याच फरशीवर.

पहाटेच्या पडण्याला तोलाचे व्यायाम लागू नव्हते. झोपलेल्या स्थितीत रक्तदाब १३८/८२ होता, उभं राहून तीन मिनिटांनी ११०/६८. वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं उतरला की उभं राहताना रक्तदाब पडतोय असं धरतात. इथं दोन्ही उतरत होते. कंपवातात रक्तवाहिन्या आवळणाऱ्या नसाच सुस्तावतात, आणि लेवोडोपा त्यात भर घालतं. हे मी पहिल्याच दिवशी मोजायला हवं होतं. शिकलेलं असतं, आणि तरी आपण बसवून दाब बघतो आणि पट्टा सोडतो.

त्याच दिवशी मी गोळ्यांची पिशवी मागवली. आपल्याकडं गोळ्यांची पिशवी ही वेगळीच चीज असते. तीत चालू गोळ्या, बंद गोळ्या, शेजारणीनं सुचवलेल्या गोळ्या सुखानं एकत्र नांदतात. तीत सिनारिझिनची पट्टी निघाली. चक्कर येते म्हणून कुणीतरी जानेवारीत दिली होती आणि चार-पाच महिने रोज चालू होती. ही गोळी मेंदूत डोपामिनच्याच वाटेवर आडवी बसते. निरोगी म्हाताऱ्या माणसालाही ती बरेच दिवस दिली तर कंपवातासारखी लक्षणं येऊ शकतात. इथं तर मूळचाच कंपवात होता. एका हातानं लेवोडोपा द्यायचं आणि दुसऱ्या हातानं त्याला दार लावायचं, असा प्रकार. फ्लुनारिझिन, उलटीसाठीचं मेटोक्लोप्रामाइड, चक्कर-मळमळीसाठीचं प्रोक्लोरपेराझिन, पित्तासाठी सर्रास खाल्लं जाणारं लेवोसल्पिराइड ही त्याच घराण्यातली नावं. घरात कंपवाताचं माणूस असेल तर ही नावं फ्रिजच्या दारावर चिकटवून ठेवावीत आणि कुठल्याही डॉक्टरकडं गेलं की आधी सांगावीत.

गोळी बंद करणं माझं काम नाही. काकूंच्या मिरजेच्या मेंदूविकारतज्ज्ञांना फोन केला, त्यांनी ती थांबवली आणि लेवोडोपाच्या वेळा जेवणाआधी अर्ध्या तासावर आणल्या. काकू सकाळची गोळी दुधाबरोबर घेत होत्या. दुधातली, डाळी-उसळींतली प्रथिनं आतड्यात लेवोडोपाशी वाटेसाठी भांडतात. पहाटेसाठी मी एवढंच बसवलं: पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा, उशाशी पाण्याचा तांब्या. उठून कडेला बसायचं, मोठा पेलाभर पाणी प्यायचं, पावलं वीस वेळा वर-खाली करायची, मग उभं राहायचं, आणि उभं राहिल्यावर लगेच निघायचं नाही. पहाटेचं पडणं यानंतर झालं नाही. व्यायाम म्हणावा असा यात एकही नव्हता.

घरी गेले तेव्हा

गावभागातलं ते घर २०१९ च्या पुरात पाण्याखाली गेलेलं. शहाबादी फरशी खालून पोकळ झाली होती, भिंतींना ओल धरली होती. २०२२ मध्ये घरच्यांनी सगळं खालचं काम नव्यानं करून घेतलं. मोठ्या चकचकीत टाइल्स, सांधे दिसणारही नाहीत अशा. आणि माजघर-स्वयंपाकघराच्या मधला लाकडी उंबरा गवंड्याकडून काढून टाकला. कारण अगदी प्रेमाचं होतं: आईचा पाय अडकायला नको.

पूर्वी काकू त्या उंबऱ्यावरून दिवसातून पन्नासदा जायच्या. "तेव्हा कधी अडखळल्या?" मी विचारलं. काका विचार करून म्हणाले, "नाही बा. उंबरा असताना नाही." शहाबादीचे सांधे हात-सव्वाहातावर एकेक, ठळक, घरभर आयत्या रेघाच आखलेल्या. त्या गेल्या. दाराशी उंबरा होता, तो गेला. त्यात दाराची चौकट अरुंद, पलीकडं लगेच ओट्याकडं वळण. गोठायला याहून सोयीची जागा शोधून सापडली नसती.

सगळा दोष टाइल्सचा असं मी म्हणत नाही. त्याच काळात आजारही पुढं सरकला होता आणि सिनारिझिनही चालू होतं. पण दारात पिवळी पट्टी मारली, आणि तिच्या अलीकडं-पलीकडं पावलाच्या अंतरावर दोन-दोन, तेव्हा काकू पहिल्याच खेपेला न अडता पार गेल्या, परत आल्या, आणि पुन्हा गेल्या. तिसऱ्या खेपेला म्हणाल्या, "अगं पोरी, हे तर सोप्पं हाय की!" सून ओट्याशी उभी राहून डोळे पुसत होती.

ओट्यापाशी मात्र पट्टीनं काही झालं नाही. तिथं गोठण्यापेक्षा वळण नडत होतं, तेही हातात पातेलं असताना. लक्ष आमटी सांडू नये याकडं गेलं की पायांना लक्ष उरत नाही. दोन उपाय केले. एक तर वळायचंच काम कमी केलं: मांडणी अशी बदलली की ओट्याला तोंड करून आडवं सरकत काम होईल. भरलेलं पातेलं उचलायचं नाही, ओट्यावरून सरकवायचं. आणि जिथं वळावंच लागतं तिथं एका पायावर गर्रकन फिरायचं नाही. पायाखाली घड्याळ आहे असं धरायचं. बाराकडून तीनकडं, तीनकडून सहाकडं, प्रत्येक आकड्यावर दोन्ही पाय टेकवायचे. जागा असेल तर बैलगाडी वळते तसं लांबून गोल जायचं.

कपाटाच्या दारासाठी पवित्रा बदलला. दाराच्या पुढ्यात पाय जुळवून उभं राहिलं की ओढीची सगळी ताकद अंगाला मागं नेते. बाजूला उभं राहायचं, एक पाय पुढं एक मागं, वजन पुढच्या पायावर, दुसरा हात कपाटाच्या कडेवर. याबरोबर मागं जाणारा तोल सावरायचा सराव. काकू पलंगाकडं पाठ करून, पलंगापासून दीड फुटावर उभ्या, कमरेला धरायला रुंद पट्टा. मी खांद्याला हलका धक्का द्यायची, आधी सांगून, नंतर न सांगता. त्यांनी एकच मोठं पाऊल मागं टाकून थांबायचं. जमलं नाही तर पलंगावर बसकण. पहिल्या दिवशी वीसपैकी चौदा वेळा बसकण झाली. काकू हसत होत्या, काका घाबरले होते.

काकांचं शिक्षण हा वेगळाच विषय. काकू गोठल्या की हात ओढायची त्यांची सवय मोडायला मला काकूंच्या व्यायामापेक्षा जास्त वेळ लागला. शेवटी चार शब्द ठरवले: थांब, ताठ, डोल, टाक. थांबायचं, अंग ताठ करायचं, वजन डावीकडं-उजवीकडं डोलवायचं, मग एक मोठं पाऊल. काकांनी फक्त बोलायचं, हात लावायचा नाही. पहिले काही दिवस ते चारही शब्द एका दमात म्हणून टाकायचे.

तालाचं सांगायचं राहिलं. मोबाईलवरची टकटक देऊन बघितली होती, कारण रेघेसारखाच तालही पायाला वाट देतो. काकूंना ती टकटक दोन दिवसांत नकोशी झाली. काका भजनी मंडळात टाळ वाजवणारे, त्यांनी 'ज्ञानोबा माउली तुकाराम' धरलं. चाल बरी झाली, पण काका रंगात आले की लय चढायची आणि काकूंची पावलं तिच्यामागं धावायला लागायची, म्हणजे नेमकं जे टाळायचं तेच. मग संथ लयीत त्यांचाच टाळ मोबाईलवर रेकॉर्ड केला. तो संध्याकाळच्या फेरीला लावतात. घरात काकू तोंडातल्या तोंडात म्हणतात.

याखेरीज रोज अर्धा तास खुर्चीतून उठबस, मोठ्या हालचाली, आणि अगदी सावकाश वजन एका पायावरून दुसऱ्यावर नेणं. अमेरिकेत २०१२ मध्ये १९५ रुग्णांवर ताई-ची या संथ चिनी व्यायामाचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात आठवड्यातून दोनदा, सहा महिने हे सावकाश डोलणं केलेल्यांचा तोल ताकदीच्या व्यायामांपेक्षा चांगला सुधारला. सांगलीत मला ताई-ची शिकवणारं कुणी सापडलं नाही. गच्चीच्या कठड्याशी उभं राहून तुळशीला प्रदक्षिणा घालायच्या चालीत आम्ही तेच केलं. त्याला ताई-ची म्हणण्याचं धाडस मी करणार नाही.

दहा आठवड्यांनी

मिनी-बेस्ट १३ वरून १८. उठून चालून बसायला १४ सेकंद, वजाबाकी करत २१. मागं ओढल्यावर पाचाऐवजी तीन पावलं, आणि स्वतःच्या स्वतः थांबणं. पुढच्या तीन महिन्यांत कॅलेंडरवर एक लाल गोल, आणि सुनेनं स्वतःच काढलेल्या नव्या खुणेचे दोन अर्धे गोल, म्हणजे पडता पडता वाचल्या.

तो एक गोल पुतण्याच्या लग्नातला. कार्यालयाच्या चकाचक हॉलमध्ये, गर्दीत, हातात अक्षता, चार बाजूंनी चार माणसं बोलतायत. तिथं ना पट्टी ना टाळ. कोपर खरचटलं, एवढ्यावर निभावलं. घरच्या पट्ट्या घरापुरत्या, हे मला ठाऊक होतं, पण बाहेरचा सराव मी शेवटी ठेवला होता आणि तो शेवट लग्नानंतर आला. आता मारुती रोडला गर्दी नसताना एक, असताना एक, अशा फेऱ्या चालू आहेत. रेघ नसेल तिथं काकू फरशीवर एक जागा नजरेनं पकडतात आणि तिच्यावर पाय ठेवायचा असं ठरवून निघतात. दहातून सहा-सात वेळा जमतं.

आजार थांबलेला नाही. गोळीचा अंमल आता तीन तासांतच उतरायला लागतो, आणि उतरल्यावर पिवळी पट्टीसुद्धा नेहमी उपयोगी पडत नाही. त्या वेळात काकू बसून राहतात, लसूण सोलतात, फोन आला तरी उठायचं नाही असं ठरलंय.

उंबऱ्यावरून घरात थोडी वादावादी झाली. काकांचं म्हणणं, गवंडी बोलावून उंबरा परत बसवू. मी नको म्हणाले. आज काकूंचा पाय नीट उचलतोय, पण दोन-तीन वर्षांनी तेवढा उचलेल याची खात्री नाही, आणि तेव्हा दीड इंचाचं लाकूड खरंच पाडेल. पट्टी पुरे. काकूंना पट्टी पसंत नव्हती. पुसून पुसून कडा निघतात, आणि शिवाय दाराला उंबरा नाही म्हणजे हळद-कुंकू कशाला लावायचं? शेवटी सुतारानं टाइलच्या पातळीला बरोबर बसेल अशी सागवानी फळी बसवली, पिवळी रंगवून. पायाला कळत नाही, डोळ्याला कळते. सणावाराला तिच्यावर हळद-कुंकू वाहतात. त्यासाठी काकू खाली वाकायला लागल्या तेव्हा मी आणि सून एकदमच ओरडलो. आता वाकते सून, आणि काकू एक पाय पुढं एक पाय मागं असं उभ्या राहून सांगतात, "जरा डावीकडं. हां, तिथं."